व्हॅम्पायर, परग्रहवासी आणि एकवीस पुस्तकांची धाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरातल्या आमच्या रविवारच्या वाचक कट्ट्यावर सध्या एकाच मालिकेची चलती आहे: मायकेल अँडर्ले या अमेरिकन लेखकाची 'द कुर्थेरियन गॅम्बिट'. व्हॅम्पायर, लांडग्याचं रूप घेणारी माणसं, परग्रहवासी, अवकाशयानं आणि थोड्या थोड्या पानांवर हाणामारी. मुख्य मालिका २१ पुस्तकांची. वाचणारे बारावीच्या पोरांपासून एसटीतून निवृत्त झालेल्या काकांपर्यंत सगळे, पण प्रश्न त्याच त्याच वळणाचे. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळं रक्ताचा विषय निघाला की सगळ्या माना माझ्याकडं वळतात. तोंडी सांगून घसा बसायला लागला, म्हणून आता लिहून ठेवतोय. प्रश्न ज्यानं जसा विचारला तसाच ठेवलाय.

"सर, ही भुताची गोष्ट हाय का सायन्सची?"

सुरुवात भुताची, पुढं सायन्सची, आणि मधे बराच वेळ नुसती गोळीबाराची. नायिका बेथनी अ‍ॅन सरकारी खात्यात काम करणारी, डोक्यानं तल्लख, जिभेनं तिखट. तिला रक्ताचा असाध्य आजार आहे आणि हातात फारसे दिवस उरलेले नाहीत. तेवढ्यात मायकेल नावाचा, कित्येक शतकं जगलेला व्हॅम्पायर तिला गाठतो आणि ती बदलते. इथवरची वाट ओळखीची आहे. मग कळतं की व्हॅम्पायर होणं हा शापबिप काही नाही. फार पूर्वी पृथ्वीवर आलेल्या कुर्थेरियन नावाच्या परग्रहवासीयांच्या तंत्रज्ञानाचा तो परिणाम आहे, आणि रक्तात फिरणारी अतिसूक्ष्म यंत्रं हे सगळं घडवून आणतात. शाप नाही म्हटल्यावर उताराही नाही. ते परग्रहवासी पुन्हा पृथ्वीकडं येणार, त्याआधी फौज उभी करायची, हा पुढच्या सगळ्या पुस्तकांचा धागा.

यापेक्षा जास्त सांगत नाही. कट्ट्यावर शेवट फोडणाऱ्याला चहाचे पैसे भरावे लागतात.

"व्हॅम्पायर आणि एलियन एकाच पुस्तकात? ही खिचडी कुणी शिजवली?"

अँडर्ले यांनी नाही. चूल सव्वाशे वर्षांपूर्वीच पेटली होती. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' १८९७ मध्ये आली. त्याच वर्षी एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' एका इंग्रजी मासिकात क्रमशः छापली जात होती, पुस्तक १८९८ मध्ये निघालं. मंगळावरून आलेले वेल्सचे प्राणी काय खातात ते आठवा. त्यांना पोट नाही, आतडी नाहीत. जिवंत माणसाचं रक्त काढून ते सरळ आपल्या शिरांमध्ये सोडतात. म्हणजे एकाच वर्षी, एकाच देशात, वाड्यात राहणारा रक्तपिपासू आणि मंगळावरून आलेला रक्तपिपासू वाचकांच्या हातात पडले. योगायोग असेल, पण मला तो फार बोलका वाटतो.

पुढं १९५४ मध्ये रिचर्ड मॅथेसन यांनी व्हॅम्पायर होण्याचं कारण जिवाणूच्या माथी मारलं आणि भुताला प्रयोगशाळेत आणून बसवलं. २००६ मध्ये पीटर वॉट्स यांनी 'ब्लाइंडसाइट'मध्ये व्हॅम्पायर ही माणसाची शिकार करणारी, नामशेष झालेली आणि जनुकांवरून पुन्हा घडवलेली जात दाखवली. काटकोन दिसला की त्यांच्या मेंदूला झटका येतो, म्हणून क्रूसाची भीती. अशा एका व्हॅम्पायरला परग्रहवासीयांना भेटायला निघालेल्या यानाचा प्रमुख केलाय. कल्पना भन्नाट, पण पुस्तक जड. एका बैठकीत चाळीस पानं झाली तरी खूप. अँडर्ले यांच्या मालिकेतलं विज्ञान पातळ वाटलं तर ते घ्या, आणि ते डोक्यावरून गेलं तर मुकाट्यानं इकडं परत या.

"व्हॅम्पायर म्हणजे आपली हडळच की. मग इंग्रजीत कशाला वाचायचं?"

हा प्रश्न कट्ट्यावरच्या एका काकूंचा. हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पहिली गोष्ट, हडळ म्हणजे व्हॅम्पायर नाही. आपल्याकडच्या भुतांना गाव आहे, झाड आहे, अपुरी राहिलेली इच्छा आहे. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. ती झपाटतात, वाट चुकवतात, नैवेद्य मागतात. रक्त पिणं हा त्यांचा मुख्य धंदा नव्हे. वेताळ तर कित्येक गावांत वेशीवरचा राखणदार आहे. शेंदूर फासलेल्या दगडाला लोक नारळ फोडतात. आणि आपलं भूत एका माणसाला धरतं, शेजाऱ्याला चावून आपल्यासारखं करत नाही. व्हॅम्पायर साथीसारखा पसरतो, म्हणूनच विज्ञानकथेला तो इतका चालतो.

दुसरी गोष्ट मात्र काकूंच्या बाजूची आहे आणि ती आपल्या मराठवाड्यातूनच निघते. रिचर्ड बर्टन या इंग्रजानं १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकलं. या बर्टनची आणि ब्रॅम स्टोकरची ओळख होती. बर्टनचे सुळे ओठाखालून कसे दिसायचे, याचं वर्णन स्टोकरनं आपल्या आठवणींत करून ठेवलंय. यावरून ड्रॅक्युला वेताळाचा नातू ठरत नाही, एवढं तारतम्य ठेवू. पण त्या गोष्टी बर्टनपर्यंत आल्या कुठून? वेताळ पंचविशीचा एक जुना पाठ अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं रचलेल्या 'कथासरित्सागरा'त आहे. आणि सोमदेव स्वतःच सांगतो की आपण गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चं सार लिहितोय. गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारातला, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण.

आता आख्यायिका ऐका. पैज हरल्यावर गुणाढ्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. रानात त्यानं एका पिशाचाकडून गोष्टी ऐकल्या आणि पिशाचांच्या भाषेत, पैशाचीत, सात लाख श्लोक लिहिले. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं ते बाड नाकारलं. गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि जाळायचा. जनावरं चरणं सोडून ऐकत बसली. राजाच्या ताटात येणारं मांस वाळकं निघायला लागलं तेव्हा चौकशी झाली, आणि राजा धावत पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला एक लाख.

पिशाचानं सांगितलेली, रक्तानं लिहिलेली, संपता न संपणारी मालिका, आणि तिच्यापायी जेवण विसरलेले श्रोते! अँडर्ले यांची २१ पुस्तकं त्यापुढं किरकोळच म्हणायची. तेव्हा काकू, इंग्रजीत वाचायला हरकत नाही. आपल्याकडून गेलेला माल कपडे बदलून परत आलाय असं समजा.

"एवढं पळायलंय कशामुळं हे? दम घ्यायला जागाच नाही."

कारण लेखकाला पैसेच तसे मिळतात. या मालिकेची पुस्तकं लेखकानं स्वतः प्रकाशित केली आणि ती मुख्यतः अ‍ॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेतून वाचली गेली. जुलै २०१५ पासून त्या योजनेत लेखकाला मोबदला मिळतो तो वाचकानं प्रत्यक्ष वाचलेल्या पानांवर. पुस्तक नुसतं उघडून ठेवलं तर काही नाही. अँडर्ले यांचं पहिलं पुस्तक नोव्हेंबर २०१५ चं. हिशोब तुम्हीच करा. प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडायचं की पान उलटल्याशिवाय झोप येऊ नये, आणि पुस्तक संपलं की पुढचं तयार हवं. पुस्तकं वर्षावर्षांनी नाही, आठवड्या-महिन्यांच्या अंतरानं आली. वीस पुस्तकं नावावर असली की वर्षाला ५० हजार डॉलर मिळून निवांत जगता येईल, हा अँडर्ले यांचाच हिशोब, आणि त्याच्याभोवती पुढं स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकांचा मोठा समूह उभा राहिला.

नाक मुरडायचं कारण नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आपल्या आजोबांच्या पिढीनं झुंजार आणि काळापहाड वाचनालयातून आणून रात्रीतून संपवले. झपाट्यानं लिहिलेलं झपाट्यानं वाचायचं असतं, एवढाच त्याचा नियम.

आणि इथंच आपली लातूर पॅटर्नची मुलं अडकतात. हातात पेन्सिल, ओळ न् ओळ अधोरेखित, परिच्छेद संपला की समासात मुद्दे. एका मुलानं पहिल्या पुस्तकातल्या सगळ्या पात्रांचा तक्ता करून आणला होता. त्यातली निम्मी तिसऱ्या पुस्तकापर्यंत मेली. अशा पुस्तकात लेखक ज्या वेगानं गेला त्याच वेगानं जावं. थांबून बघितलं की भिंतीचं पोपडं दिसतं, धावत गेलं की वाडा दिसतो.

"माझं शिक्षण सेमी इंग्लिशमधलं. झेपंल का?"

झेपेल. वाक्यं आखूड, संवाद भरपूर, वर्णन जेमतेम. अडचण व्याकरणाची येत नाही, अमेरिकन बोलीची आणि लष्करी संक्षेपांची येते. माझा सल्ला: पहिली तीसेक पानं शब्दकोश न उघडता वाचा. मोबाइलवरच्या किंडल अ‍ॅपमध्ये शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो, पण प्रत्येक शब्दाला बोट लावलंत तर गोष्ट मरते. एखादा शब्द तिसऱ्यांदा आडवा आला तरच अर्थ बघायचा. बंदुकांची नावं, हेलिकॉप्टरचे प्रकार, हुद्दे हे सगळं सोडून दिलं तरी बिघडत नाही.

कानानं ऐकायची सवय असेल तर ऑडिओ पुस्तकंही आहेत. एसटीतून निवृत्त झालेले आमचे काका ऐकूनच पुढं गेलेत, आणि उच्चार बाकीच्यांपेक्षा त्यांचे चांगले आहेत.

"क्रमानंच वाचायचं का? मला थेट अवकाशातली लढाई पाहिजे."

मुख्य मालिका क्रमानंच. मधूनच उडी मारली तर कोण कुणाच्या बाजूचं हेच कळत नाही, कारण एका पुस्तकातला शत्रू दोन पुस्तकांनंतर नायिकेच्या पंगतीला बसलेला असतो. अवकाशाची घाई असणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की सुरुवातीची बरीच पुस्तकं पृथ्वीवरच घडतात. जहाजं हळूहळू येतात.

याच विश्वात अँडर्ले यांनी इतर लेखकांबरोबर लिहिलेली आणखी शंभरावर पुस्तकं आहेत. मुख्य २१ संपेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका. संपल्यावरही सगळ्यांच्या वाटेला जायची गरज नाही.

"माणूस नुसत्या रक्तावर जगू शकतो का?"

अखेर माझा प्रश्न आला. नाही.

रक्तात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. उरलेल्यात बहुतेक प्रथिनं. चरबी आणि साखर नाममात्र. त्यात लोह इतकं की रोज पोटात गेलं तर यकृताची वाट लागेल. आणि पोटभर रक्त प्यायलं तर त्याआधीच माणसाला उलटी होते.

निसर्गात हा धंदा जमवलेला सस्तन प्राणी एकच, रक्तपिपासू वटवाघूळ. त्याच्या तीन जाती, तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत. वजन तीस-चाळीस ग्रॅम. लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. एका रात्रीत ते आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मं रक्त पितं आणि उडता यावं म्हणून पिता पिताच त्यातलं पाणी लघवीवाटे बाहेर टाकायला लागतं. चरबी साठवता येत नाही, त्यामुळं दोन-तीन रात्री उपास घडला की खेळ खलास. म्हणून त्यांच्यात उसनवारी चालते: ज्याला मिळालं ते वटवाघूळ उपाशी सोबत्याच्या तोंडात थोडं रक्त ओकतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये हे शोधून मांडलं. ज्यानं पूर्वी दिलं त्याला परत मिळण्याची शक्यता जास्त. आपल्या भिशीपेक्षा चोख व्यवहार.

आता हेच प्रमाण माणसाला लावू. साठ किलोचा व्हॅम्पायर असेल तर निम्म्या वजनाच्या हिशोबानं रात्रीला तीस किलो, म्हणजे ढोबळमानानं तीस लिटर रक्त. एका माणसात पाच लिटर धरलं तर रोज सहा माणसं पूर्ण रिकामी. रक्तदान शिबिरातल्या ३५० मिलिलिटरच्या पिशव्यांत मोजलं तर पंच्याऐंशीहून जास्त पिशव्या, रोज, एकट्यासाठी. एक व्हॅम्पायर कुटुंब राहायला आलं तर गाव वर्षभरात ओस पडेल.

(मोठा प्राणी वजनाच्या मानानं कमी खातो, त्यामुळं खरा आकडा पुष्कळ खाली येईल, हे विज्ञान शाखेच्या पोरांनी मला सांगायला येऊ नये. मला ठाऊक आहे. तरी गाव वाचत नाही.)

अँडर्ले यांनी यातून वाट काढलीय ती अशी की व्हॅम्पायरची शक्ती रक्तातल्या उष्मांकांतून येतच नाही, ती दुसऱ्या एका मितीतून येते आणि परग्रहवासीयांची यंत्रं ती ओढून घेतात. जीवशास्त्राच्या पेपरात याला शून्य गुण. पण प्रश्न लेखकाच्या डोक्यात आला होता, तो गालिच्याखाली सारला नाही, याचे दोन गुण मी देईन.

"मग आपल्या लेण्यांमधली वटवाघळं?"

रक्त पिणारं एकही नाही. भारतात ती जातच नाही. जुन्या वाड्यांत आणि लेण्यांत एक मोठ्या कानांचं वटवाघूळ असतं, त्याला इंग्रजीत 'फॉल्स व्हॅम्पायर' म्हणतात. ते किडे, बेडूक, उंदीर खातं. शेतकऱ्यानं त्याचे आभार मानावेत.

"उन्हात जळून राख होतात, ते खरं का?"

स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त शक्ती कमी झालेली असते. उन्हानं व्हॅम्पायर मरतो ही भर १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटानं घातली आणि पुढं तीच परंपरा होऊन बसली. बाकी मे महिन्यात दुपारी दोन वाजता लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून बघा. राख होण्यासाठी व्हॅम्पायरच असावं लागतं असं नाही.

"हिंगोलीला ते लायगो होतंय. त्यात एलियनचे सिग्नल येतील का?"

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी टिपणारं केंद्र उभारलं जाणार, हे वाचल्यापासून हा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन भुजा, आत निर्वात पोकळी आणि लेसरचा झोत. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच लहर येते, आणि ती पोचली की या भुजांची लांबी अणूच्या केंद्रकाहूनही कितीतरी कमी अंतरानं बदलते. तेवढा फरक टिपायचा. अमेरिकेत अशी दोन केंद्रं आहेत. लांबवर आणखी एक असलं की लहर आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातून आली ते नीट सांगता येतं.

एलियनचा निरोप ऐकायचं हे यंत्र नाही. ते रेडिओ दुर्बिणींचं काम. पण या मालिकेच्या वाचकाला लायगोतून एक गोष्ट जरूर घेता येते: अंतराचा अंदाज. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा टिपलेली लहर सुमारे १३० कोटी वर्षं प्रवास करून आली होती, प्रकाशाच्या वेगानं. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापासून प्रकाश यायलाही सव्वाचार वर्षं लागतात. मालिकेत मात्र यानं दारं उघडल्यासारखी ये-जा करतात. त्यासाठी द्वारं, मिती असली सोय केलेली असते. सोय मान्य करा आणि पुढं चला. अंतरं खरी धरली तर पहिल्या पुस्तकातला शत्रू एकविसाव्या पुस्तकातही वाटेतच असेल.

परभणीच्या एका वाचकानं मात्र मालिकेत चूक काढली नाही, भर घातली. त्याचं म्हणणं, परग्रहवासी खरोखर आलेच तर ज्या गावी लहरी मोजायचं यंत्र आहे तिथंच उतरतील, आणि त्यांना पहिल्यांदा नागनाथाच्या रांगेत उभं राहावं लागेल. ही कथा त्यानं लिहावी असा कट्ट्याचा ठराव झालाय.

"वरून काही जिवंत आलंय, असा पुरावा हाय का?"

पक्का पुरावा नाही. पण एक प्रयोग आपल्या शेजारीच झालाय. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, २००९ मध्ये इस्रोनं ते जाहीर केलं. त्यातल्या एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं नाव दिलंय. या जाती परग्रहावरून आल्या असं त्यातून सिद्ध होत नाही; खालून वर गेल्या असतील. तिथल्या अतिनील किरणांत त्या तगल्या, एवढं मात्र खरं.

सातासमुद्रापारचा लेखक परग्रहावरचं तंत्रज्ञान रक्तात सोडतो, आणि आपला माणूस फुगा सोडून खरंच बघायला जातो. मला दुसरी गोष्ट जास्त थरारक वाटते, पण तिच्यात हाणामारी नाही.

"नीटचं वर्ष हाय. वाचू का?"

शिक्षक म्हणून: परीक्षेनंतर. वाचक म्हणून: तू वाचणारच आहेस, तर दिवसाला दोन प्रकरणं, अभ्यासिकेतून परत आल्यावर. अडचण एकच, आधी सांगितलेली. दोन प्रकरणांवर थांबता येऊ नये अशाच बेतानं ती लिहिली आहेत. म्हणून प्रकरणाच्या शेवटी थांबू नकोस, मधेच थांब. हाणामारी संपली, पात्रं खायला बसली की मोबाइल ठेवून दे. तिथं गळ नसतो.

"घरात मोठ्यानं वाचलं तर चालंल का?"

नको. नायिकेच्या तोंडी शिव्यांची मुबलक पेरणी आहे, काही पुस्तकांच्या नावांतसुद्धा. हिंसाही पुष्कळ. नववी-दहावीच्या खालच्या मुलांच्या हातात मी देणार नाही. "रात्री असलं वाचू नको, स्वप्नात येतं" असं ज्यांच्या आई म्हणतात त्यांना एवढंच सांगा की यात घाबरवणारं जवळजवळ काही नाही. व्हॅम्पायर आहेत, पण भयकथा नाही. शत्रूच घाबरलेले असतात.

"टेलिग्रामवर सगळी पीडीएफ फुकट पडलीत की."

पडलीत. कट्ट्याच्या ग्रुपवर टाकू नका. पैसे पानागणिक कसे मिळतात ते वर सांगितलंच आहे. वाचून घ्यायचं आणि लेखकाला पान मोजू द्यायचं नाही, हे मला पटत नाही. खर्च वाचवायचा तर पहिल्या पुस्तकाचा मोफत नमुना आधी वाचा. आवडलं तर महिन्याची वर्गणी भरून सुटीत झपाट्यानं जितकी होतील तितकी संपवा आणि वर्गणी बंद करा. मालिकेच्या वेगाचा फायदा आपणही घ्यावा.

"आठ झाली. आता तेच ते वाटायलंय. सोडू का?"

सोडा. खरंच सोडा. या मालिकेची मोठी उणीव तिथंच उघडी पडते: बेथनी अ‍ॅन हरत नाही. सुरुवातीला तिच्या जिवाची काळजी वाटते. पुढं ती इतकी बलवान होते की काळजी शत्रूची वाटायला लागते. खलनायक आखूड आयुष्याचे आणि एकसुरी. एकच राणी, तिचाच कायदा, तिचीच शिक्षा, आणि ती नेहमी बरोबर. हे राजकारण म्हणून बघितलं तर अंगावर काटा येतो.

मग लोक वाचतात का? कट्ट्यावर मी हे विचारलं तेव्हा बीडकडच्या एका शेतकरी मित्रानं उत्तर दिलं. त्याची पीकविम्याची तक्रार दोन हंगाम पडून होती. तो म्हणाला, "सर, हिच्याकडं अर्ज करावा लागत नाही. सकाळी अन्याय झाला तर संध्याकाळी निकाल लागतो. झोपताना तेवढं वाचलं की बरं वाटतंय." मालिकेची इतकी नेमकी समीक्षा मी दुसरीकडं ऐकलेली नाही. तुम्हाला तसं बरं वाटत असेल तर नववं उघडा. नसेल तर आठ पुस्तकं काही कमी नाहीत.

विनोद मात्र टिकून राहतो, हे सांगायला हवं. बेथनी अ‍ॅनच्या शरीरात एक परग्रहवासी मुक्कामाला आहे आणि दोघांची मनातल्या मनात सतत चकमक चालते. जगबुडीच्या तोंडावर ती महागड्या बुटांची चिंता करते. त्या संवादांसाठी मी हाणामारीची पानं उलटत पुढं गेलोय.

"असलं मराठीत कुणी लिहिलंय का?"

नेमकं असंच, म्हणजे व्हॅम्पायर अधिक परग्रहवासी अधिक एकवीस भाग, असं नाही. पण दोन्ही टोकं आपल्याकडं भक्कम आहेत. भयाच्या टोकाला नारायण धारप (१९२५–२००८). त्यांचा 'समर्थ' हा पुन्हा पुन्हा येणारा नायक अमानवी शक्तींशी लढतो, आणि त्यांच्या कथांत परकं, अनाकलनीय असं काहीतरी बाहेरून आत शिरायला टपलेलं असतं. त्याला भूत म्हणा की परग्रहवासी, तुमची मर्जी. या मालिकेच्या वाचकाला सगळ्यात जवळचे धारपच वाटतील, फक्त ते तुम्हाला खरोखर घाबरवतात.

विज्ञानाच्या टोकाला नारळीकर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परग्रहाशी संपर्काचा विषय हवा असेल तर त्यांची 'प्रेषित' वाचा. वेग कमी आहे, पण अंतरं खरी आहेत. नंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्याकडं वळा; लोंढे आणि जावडेकर यांच्या कथांत माणसं जास्त, यंत्रं कमी.

यातलं बरंचसं गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात मिळतं. कपाटात दिसलं नाही तर ग्रंथपालांना विचारा. धारपांची पुस्तकं बहुतेक वेळा कपाटात नसतात, कुणाच्या तरी घरी असतात.